उद्याच्या वाट्या

प्रिय ताई,

तुझ्या उनाड भावाचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. आईचा गुडघा काय म्हणतो?

बोगद्याच्या कामावर आलो खरा, पण मला टाकलंय स्वयंपाकघरात. इथं सगळ्यांना न्याहारी एकच. ओट्स आदल्या संध्याकाळी दुधात भिजवायचे, सकाळी त्यात सफरचंद किसायचं, लिंबू पिळायचं, वर अक्रोड. आई म्हणेल, हे तर म्हशीचं आंबोण. पण पोटाला बरं पडतं.

आदल्या दिवशी भिजवायचं म्हणून वाट्यांचा आकडा मुकादम संध्याकाळीच सांगतो. आम्ही माझ्यासकट तेवीस. मागच्या सोमवारी तो म्हणाला, "बावीसच भिजव."

मी विचारलं, "सुट्टीवर कोण?"

"तुला काय करायचंय? वाया घालवू नको म्हणजे झालं."

त्या रात्रपाळीत डाव्या बोगद्याचं छत पडलं, सुतार गेला. परवा त्यानं एकवीस सांगितल्या आणि वायरमन गेला. छताला तडे आहेत हे मुकादमाला ठाऊक आहे, आणि तिथं कुणाला धाडायचं तेही तोच ठरवतो.

चूक माझीच. इथं कंटाळलो, मलाही खाली पाठवा, म्हणून मी महिनाभर त्याच्या मागं भुणभुण लावली होती. आज हसून म्हणाला, "जा बाबा, रात्रपाळीला, डावीकडं." आता नाही म्हणायला मला तोंड नाही.

जाता जाता त्यानं आकडा सांगितला, वीस. मी मान डोलावली आणि एकवीस भिजवल्या.

आईला न्याहारीपर्यंतच वाचून दाखव.

तुझाच,
धाकटा