बारवेतले मासे तोंड का उघडतात

मंगळवार, ६ मे
एकोणऐंशी दिवस झाले! अजून एकोणतीस दिवस देवळामागच्या बारवेतल्या माशांना रोज कणकेचे एकशे आठ गोळे घालायचे, की रेवतीची कूस उजवणार. सहा वर्षं झाली पोरीच्या लग्नाला. नवस मी बोलले, तिला सांगितलेलं नाही — उगीच चिडते.

मामंजींनी अकरा मासे सोडले होते. देवाचे म्हणून कुणी धरत नाही. आता पाण्यात हात घातला तरी मासाच लागतो! पण सगळे बोटाएवढे. मामंजींचे हातभर होते म्हणे. खायला एवढं मिळतं, मग वाढत का नाहीत?

शुक्रवार, ९ मे
सकाळी सगळे मासे वर आलेले. तोंडं उघडतायत, मिटतायत. हे म्हणाले, "जप करून राहिले ते." ह्यांचं आपलं काहीतरीच! पुजाऱ्याला सगळीकडे देवच दिसतो. भुकेले असतील. दुप्पट गोळे घातले.

सोमवार, १२ मे
कुणी व्हिडिओ टाकला कोण जाणे. हट्ट्याहून, औंढ्याहून माणसं येतायत, लाह्यांच्या पिशव्या घेऊन. 'जप करणारे मासे'!

बुधवार, १४ मे
सिद्धेश्वर धरणावरची मासळी विकणारी गोजरबाई रस्त्यात भेटली. म्हणाली, "वैनी, भुकेली न्हाईत ती. पाणी आटलं, मासे दाटले. जीव घुसमटून राहिला त्यांचा. काहून चारता एवढं? उरलेलं सडते, पाणी अजून नासते. निम्मे धरणात नेऊन सोडा."

ह्यांना सांगितलं. "देवाचे मासे मासळीवालीला विचारून हलवायचे?" झालं!

मी काय करू? मधेच मोडलेला नवस उलटतो म्हणतात. आणि नाही थांबले, नि गोजरबाईचं खरं असलं तर? डोकंच चालेना.

गुरुवार, १५ मे
चोपन्नच घातले. म्हणजे नवसही अर्धा, पापही अर्धं? धड ना इकडे, धड ना तिकडे.

शनिवार, १७ मे
जाऊबाईंचा फोन. सुनेला मुलगा झाला. पेढे कधी खायला येतेस म्हणाल्या. बारवेवर जाऊन पुरे एकशे आठ घातले. पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सोमवार, १९ मे
सगळे मेले. पाणी दिसतच नाही, नुसती पांढरी पोटं. हे पायरीवर बसून होते. मीच मारले.

मंगळवार, २० मे
राहवेना. रेवतीला फोन केला, रडत रडत नवसाचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आई, आम्हाला मूल नकोच आहे. लग्नाआधीच ठरलं होतं आमचं. तू कधी विचारलंच नाहीस."