तुझ्या फोटोखालचा नळ

प्रिय चिमणे,

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू विचारतेस, बाबा जेवलात का, मी हो म्हणून मोकळा होतो आणि खरं बोलायचं राहून जातं. म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, हे वाचून तू चिडशील. कदाचित घरी यायचीही बंद होशील. त्याच भीतीने परवापासून कागद पुढ्यात घेऊन नुसता बसलोय. तुझ्या आईने दोन वाक्यांत उरकलं असतं. माझी प्रस्तावनाच संपत नाही.

आपल्या लाँड्रीचं म्हणशील तर अर्धी बंदच आहे. पांढरं कापड घ्यायचं मी सोडून दिलंय. बोअरच्या पाण्यात घातलं की पिवळट झाक येते ती येतेच, मग गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे असं बघतं, जसं काही मीच ते चहात बुडवून आणलंय. दवाखान्याचे कोट गेले, हॉटेलच्या चादरी गेल्या. त्याचं मला एवढं नाही गं. पण समोरच्या शिंपीणकाकूंच्या नातवाच्या अंगभर चट्टे उठलेत, खाजवून खाजवून पोर रडकुंडीला येतं. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, आंघोळीचं पाणी कुठलं. काकू आपल्या घरी येऊन नुसत्या बसून राहिल्या. तुझे शाळेचे सगळे फ्रॉक त्यांच्याच हातचे, त्यामुळे तुझ्या कंपनीचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी मीच घेतलं.

कोपऱ्यावरचं शुद्ध पाण्याचं केंद्र मात्र व्यवस्थित चालू आहे. कंपनीने सामाजिक जबाबदारीच्या निधीतून बांधलेलं, नळाच्या वर फलक, फलकावर तुझा हसरा फोटो. उद्घाटनाला मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो होतो आणि भेटेल त्याला ऐकवत होतो, आमच्या पोरीने गल्लीला पाणी दिलं. लोक ऐकून घेत होते बिचारे. पिण्यापुरतं मिळतं, नाही असं नाही. पण भांडी, कपडे, आंघोळ त्या बोअरवरच. परवा गल्लीच्या बैठकीत एक जण म्हणाला, आधी आमचं पाणी नासवायचं आणि मग त्यातलंच बादलीभर गाळून द्यायचं, वर टाळ्याही आम्हीच वाजवायच्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. टाळ्या सगळ्यात जास्त मीच वाजवल्या होत्या.

तू बढतीचं पत्र घेऊन आलीस तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. पर्यावरण अधिकारी, तेही एवढ्या लहान वयात. मी गल्लीभर तोंड गोड केलं, तू मला हा चष्मा घेऊन दिलास. हे पद म्हणजे सांडपाण्याचं काही बिघडलं तर साहेबांच्या जागी आपण कोर्टात उभं राहायचा मान, हे तुला कुणी सांगितलं नाही आणि आपल्याला विचारायचं सुचलं नाही. आपल्या घरात सरकारदरबारी नाव गेलेलं पहिलं माणूस तू, आपण त्यातच खूश. मागच्या खेपेला तू म्हणालीस की सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र मोडलंय, वर लिहून लिहून थकले, कुणी लक्ष देत नाही. मग एकदम विषय बदललास. मीही बदलू दिला. थकलेली दिसत होतीस, म्हटलं कशाला छेडा. तेव्हा नीट विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आता राहून राहून वाटतं.

गल्ली कोर्टात जातेय, चिमणे. गल्लीने ठरवलेल्या वकीलबाई म्हणाल्या, कंपनीने सरकारला ज्या अधिकाऱ्याचं नाव कळवलंय, त्यालाही प्रतिवादी करावं लागतं. नाहीतर मालक सगळं त्याच्या माथी मारून मोकळे होतात आणि त्याला आपली बाजू मांडायला जागाच उरत नाही. मी विचारलं, ते नाव गाळता येणार नाही का. त्या नाही म्हणाल्या. तेव्हा शिंपीणकाकूच पुढे होऊन म्हणाल्या की तुमचा नकार असेल तर आपण अर्जच नको करायला. नातवाचे हात रक्ताळलेत आणि बाई मला हे म्हणतेय. नकार माझ्या अगदी ओठांवर आला होता, तुझी शपथ. पण त्यांच्याकडे बघून तो मला देता आला नाही.

सोमवारी तुझ्या ऑफिसात नोटीस येईल. त्यात तुझं नाव असेल, आणि अर्ज करणाऱ्यांत पहिलं नाव माझं. ते तुला परक्याच्या हातून कळू नये म्हणून हे पत्र. बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. जेवलात का विचारलंस की परवापासून खोटंच हो म्हणतोय, एवढं खरं. एक मात्र ऐक. कंपनी तुला वकील देईल, तो घेऊ नकोस. तो त्यांना वाचवेल, तुला नाही. यंत्र कधी मोडलं, तू कुणाकुणाला सांगितलंस, सगळं स्वतःच्या तोंडाने सांग. बाजारपेठेत एक वयस्कर वकील आहेत, सरळ माणूस. काल जाऊन त्यांना तुझ्यासाठी ठरवून आलोय. लिहून घेताना त्यांनी विचारलं, मुलीविरुद्ध कोर्टात कोण गेलंय. मी माझं नाव सांगितलं.

तुझाच,
बाबा