रजईतले बेचाळीस किलोमीटर

२४ नोव्हेंबर, सोमवार
निर्णय झाला. फुल मॅरेथॉन. बेचाळीस किलोमीटर. २५ जानेवारी, नवा रायपूर. मंजिरीने दोघांचे फॉर्म ऑनलाइन भरून टाकले. २७ जानेवारीच्या गाडीने ती हैदराबादला नोकरीवर चालली. जाण्याआधी एकदा पापासोबत पळायचं, एवढंच म्हणाली. हिंदीतच म्हणाली. मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत येतं. पळते ती कॉलेजपासून. पण एकुलती एक पोरगी बेचाळीस किलोमीटर एकटी कशी जाणार? तिला ओढून नेणारं कोणी पाहिजे. माझं वय एकोणपन्नास, म्हणजे काहीच नाही. शाळेत चारशे मीटरमध्ये दुसरा आलो होतो. तिघे होतो.
सिलेंडर वर आणताना जिन्यात दोनदा बसता, याची बायकोने, म्हणजे पद्मिनीने, आठवण करून दिली. ते स्नायू वेगळे.

२५ नोव्हेंबर
मंजिरीने पाचला दार वाजवलं. उठणारच होतो. पण सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये मी ट्रकचं वजन करायच्या धर्मकाट्यावर बसतो. रोज दीडशे ट्रक डोळ्यांखालून जातात. थंड इंजिन एकदम ओढलं की बसतं, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून रजईतच वॉर्म-अप केला. गरम होईपर्यंत साडेसात वाजले.

२६ नोव्हेंबर
वजन घेतलं. प्लांटच्या काट्यावरच, गाडी नव्हती तेव्हा. काटा साठ टनाचा आहे, आकडा दहा-दहा किलोनेच सरकतो, पण सरकारी शिक्क्याचा आहे. घरच्या काट्यांवर माझा विश्वास नाही. आकडा आला ८०. त्यातून टेअर वजा केलं: बूट, स्वेटर, माकडटोपी, नुकतंच झालेलं जेवण. नेट ७५. रिकाम्या ट्रकचं वजा करतात, तसंच. भैय्यालाल काट्यावर गाड्या सरळ लावून घेतो. पोटाचं टेअर राहिलं साहब, असं म्हणाला. त्याला खेळातलं कळत नाही.

७ डिसेंबर, रविवार
पहिली धाव! घर ते चौकातला पानठेला. मंजिरी सोबत. पहिले तीनशे मीटर उत्तम. मग बरगडीत कळ. तिला पुढे जा म्हटलं, गेली नाही. माझ्यासाठी जागच्या जागी पळत राहिली, म्हणजे मला वाईट वाटू नये. परत ई-रिक्षाने आलो. एकूण अंतर १.४ किमी (परतीचं धरून).
सुरुवातीच्या मानाने फार चांगलं.

११ डिसेंबर
सकाळी ९.८ डिग्री. शाळांच्या वेळाही पुढे ढकलल्या. म्हणजे एवढ्या सकाळी बाहेर पडू नये, हे सरकारलाही पटलेलं आहे. मी कायदा पाळणारा माणूस आहे.

१४ डिसेंबर, रविवार
मंजिरी एकटीच बावीस किलोमीटर पळून आली. वाटेत तिला पाणी द्यायला मी स्कूटीवर जाणार होतो. जाग आली तेव्हा ती घरात बूट काढत होती. मग तिथेच पाणी दिलं.
बूट काढता काढता म्हणाली, "पापा, आप सिर्फ चलोगे तो भी चलेगा. साथ तो रहेंगे."
घाबरली असावी. मी पळत सुटलो तर आपण मागे राहू, असं वाटलं असेल. तिला धीर दिला.

२० डिसेंबर
वजन ९०. काट्यात बिघाड. भैय्यालालकडून प्लॅटफॉर्मखालची सगळी काळी डस्ट काढून घेतली. पुन्हा ९०. तेवढ्यात एक ट्रक आला, त्याचं वजन बरोबर निघालं. म्हणजे काटा फक्त माणसांच्या बाबतीत बिघडला आहे. शिवाय रोज दोन डिंकाचे लाडू चालू आहेत. त्याला कार्ब लोडिंग म्हणतात. वाढले ते स्नायू.

२८ डिसेंबर, रविवार
मंजिरी: तीस किलोमीटर. पायाला फोड आला होता. मी हळद लावून दिली. लावताना वाटलं, आता ही पोरगी महिनाभरच घरात आहे. मग रायपूरहून हैदराबाद किती किलोमीटर, ते मोबाईलवर पाहिलं. पाहायला नको होतं.
उद्यापासून नक्की.

१ जानेवारी
कालच्या 'उद्या'चा आणि परवाच्या 'उद्या'चा हिशेब करत बसायचं नाही. नवीन वर्ष, नवीन सुरुवात. पण आज गुरुवार. कुठलंही ट्रेनिंग आठवड्याच्या मध्यात सुरू करत नाहीत. सोमवार पक्का.

६ जानेवारी, मंगळवार
सोमवारी धुकं होतं.
आज दार वाजलं नाही. मी जागा होतो. बूट घालून पलंगावर बसलो होतो. खरंच बसलो होतो, ही वही सोडून कोणाला सांगितलं तर पटणार नाही. पाच वाजले, पाच-दहा झाले. मग तिच्या पावलांचा आवाज जिन्यातून खाली गेला. हाक मारायला पाहिजे होती. 'थांब, येतो' एवढंच तर म्हणायचं होतं. तोंडातून शब्दच निघाला नाही. खूप वाईट वाटलं. बुटांसकट रजईत शिरलो.
थंडीत आवाज बसतो.

१३ जानेवारी
पद्मिनी आज भाजी निवडता निवडता म्हणाली, "काहून जी, पोट्टीले खरं काहून नाही सांगून टाकत? ते तुमच्यासाठी थांबून राहिली."
मी तिला समजावलं की स्पर्धेआधी शरीराला विश्रांती देणं हा ट्रेनिंगचाच भाग आहे. आजपासून माझा विश्रांतीचा टप्पा सुरू. ती म्हणाली, आधीचा कोणता होता? खेळाडूने वाद टाळावा.

२४ जानेवारी, शनिवार
मंजिरी छातीवर लावायचे नंबर घेऊन आली. माझा हातात दिला. हिरवा. त्यावर 'देवीदास' आणि खाली मोठ्या अक्षरांत '५ किमी'.
मला वाटलं, छापताना चूक झाली. ती खाली बघत म्हणाली, "दिसंबर में ही चेंज करा दिया था, पापा. पाँच तो हो जाएगा न?"
दिसंबर! म्हणजे मी एवढी मेहनत घेत होतो आणि इकडे माझा निकाल लागून गेला होता. पाच किलोमीटर म्हणजे बालवाडीची पोरं, रिटायर लोक आणि फोटो काढणारे. बेचाळीसची तयारी केलेल्या माणसाने तिथे काय करायचं? आणि ती बेचाळीस पळणार, मी पाच. मग सोबत कुठे राहिलो? सोबत म्हणून तर फॉर्म भरला होता. फार अपमान वाटला. जायचं नाही, हे ठरलं.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी ५.१५
दार वाजलं. तीन आठवड्यांनी. घोगरा आवाज काढून सांगितलं की गळा धरला आहे. जराशा खोकल्याचाही उपयोग केला. ती दारातच उभी राहिली, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली. म्हणाली, "पक्का नहीं आओगे?" मी मान हलवली. आणखी थोडा वेळ थांबली. मग गेली.
माझं काही चुकलं नाही.

सकाळी ८.१०
मंजिरी परत आली! एवढ्या वेळात बेचाळीस शक्य नाही. म्हणजे अर्ध्यात सोडलं. शेवटी माझीच पोरगी. खरं सांगायचं तर जरा हलकं वाटलं. रागवायचं नाही. चिकाटी या विषयावर चार शब्द बोलायचे. दोन मुद्दे मोबाईलवर लिहून काढले: अपयशाने खचू नये. सकाळी उठायची सवय सोडू नये.

सकाळी ८.४०
मुद्दे घेऊन बाहेर गेलो. तिने जॅकेट काढलं होतं. छातीवरचा नंबर हिरवा. ५ किमी.
विचारलं, हे काय? तर माझा बदलला त्याच दिवशी तिने स्वतःचाही बदलून घेतला होता. मग ते बावीस, ते तीस किलोमीटर? ते आधीपासून चालू होतं, म्हणून चालू ठेवलं, म्हणाली. बेचाळीस तर हैदराबादलाही होतात. पाच किलोमीटर किती मिनिटांत केले, तेही विचारलं. काहीतरी विचारायला पाहिजे होतं.
"दौड़ी नहीं, पापा. पैदल ही चली. लगा आप पीछे से आ जाओगे."
मोबाईल खिशात ठेवला. पद्मिनी किचनच्या दारात उभी होती. मंजिरीने आत जाऊन माझ्या गळ्यासाठी मीठ घालून गरम पाणी आणलं आणि गुळण्या करा म्हणाली.
गळ्याला काहीही झालेलं नाही. बेसिनपाशी उभा राहून सगळा ग्लास संपेपर्यंत गुळण्या केल्या.