वीटभट्टीमागची जागा

५ सप्टेंबर, गुरुवार

चिठ्ठीत माझं नाव निघालं! जत्रेतल्या सोडतीत कधी साबणाची वडीसुद्धा लागली नाही मला, आणि आज नगरपालिकेचं पाकीट – सोडतीने निवडलेल्या चाळीस नागरिकांत मी एक. पाच शनिवार बसायचं आणि आपलं नोवा लिपा २०५० साली कसं असावं ते ठरवायचं.

आईला वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. "संध्याकाळी काय जेवायचं ते ठरत नाही तुझं, आणि शहर ठरवणार!"

माझं ठरलेलंच आहे. पोहण्याचा तलाव! नऊ वर्षं इथल्या पोरांना पोहायला शिकवतेय – शेजारच्या शहरात, दुसऱ्यांच्या तलावात, त्यांना नको असलेल्या वेळेत. पोरं ओल्या केसांनी बसमध्ये झोपतात.

१४ सप्टेंबर, शनिवार

पहिली बैठक, शाळेच्या जेवणघरात. खुर्च्या इतक्या बुटक्या की गुडघे हनुवटीला. साबिनाबाई बैठक चालवतात. हातात घंटी – कोणी लांबण लावली की टिंग!

आम्ही राहायला आलो तेव्हा खिडकीतून कोबीची शेतं दिसायची. आता समोरच्यांचा टीव्ही दिसतो. शाळा दोन पाळ्यांत भरते. डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत सर्दी आपली आपणच बरी होते.

काय हवं ते कागदावर लिहून भिंतीवर चिकटवायचं होतं. शाळा, बस, डॉक्टर, शाळा, सावलीची झाडं, शाळा. माझं – तलाव!!! शेवटी काळ्या ओव्हरकोटातले एक म्हातारे उठले. तेओफिल नाव, आयुष्यभर ट्राम चालवली. त्यांनी चिकटवलं – दफनभूमी.

सगळीकडे हशा. कोर्नेल म्हणून एक तरुण बाप आहे, बाळाला छातीशी बांधून येतो. तो म्हणाला, "आजोबा, आम्ही अजून सामानाची खोकी उघडली नाहीत हो!"

"उघडा की सावकाश. घाई मलाही नाही."

मी मनात त्यांचं नाव ठेवलं – कावळा.

२८ सप्टेंबर, शनिवार

पंचाईत! शाळेची जागा राखीव आहे, पण बाकी सगळं बिल्डरांना विकून झालंय. नगरपालिकेकडे मोठी अशी एकच जागा उरली आहे – वीटभट्टीमागची. तिथे तलाव तरी होईल, नाहीतर दफनभूमी. दोन्ही नाही.

"वाढायची इतकी घाई झाली," साबिनाबाई म्हणाल्या, "की स्वतःसाठी काही ठेवायचंच राहून गेलं."

चहाच्या वेळी कावळा जवळ आला. "काय बाई, तुमच्या तलावात कोण कोण येणार?"

"सगळे!"

"माझ्याकडेही सगळेच येणार."

चहा नाकात गेला माझ्या.

१९ ऑक्टोबर, शनिवार

भिंतभर पोरांनी काढलेली तलावाची चित्रं लावली. नुसतं निळं निळं! कावळ्याने चष्मा पुसून एकेक पाहिलं. "यात मासे का नाहीत?"

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व संतांचा दिवस, आपापल्या माणसांच्या कबरीवर दिवा लावायचा. दरवर्षी आज आईला घेऊन पार पूर्वेच्या सरहद्दीजवळ जायचं, आमच्या जुन्या गावी ओल्शाला, बाबांच्या कबरीवर. यंदा तिला ताप, म्हणून राहिलो. नऊ वर्षांत हा दिवस पहिल्यांदाच इथे काढला.

गाव ओस! एरवी गाडी लावण्यावरून हमरीतुमरी, आज अख्ख्या चौकात एक मांजर. खिडक्या बंद, बेकरी बंद. कोणी डोंगराकडे गेलेलं, कोणी समुद्राकडे – जिथे जिथे ज्याची माणसं पुरलेली आहेत तिथे. इथे कोणाचंच कोणी नाही. असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बसस्टॉपवर कावळा. मांडीवर शेवंतीची कुंडी.

"बस आली नाही?"

"आल्या की. भरून. शेवंतीपुरती जागा आहे म्हणाले."

त्यांची बायको मोठ्या शहरातल्या दफनभूमीत आहे. दोन बस बदलाव्या लागतात. मी गाडी काढली. कबरीशी त्यांनी कुंडी ठेवली, मेणबत्ती लावली आणि माझ्याकडे बोट दाखवून बायकोला म्हणाले, "ही बघ, ती पोहणारी. हिचं चाललं तर तू लांबच राहणार."

मी कुठे बघू ते कळेना. मग तेच हसले. "बाई, मला फार काही नको. पायी येता आलं पाहिजे. घरी एखादी गोष्ट आठवते, हिच्याशी भांडायचं असतं. दोन बस बदलेपर्यंत राग निघून जातो."

परत आलो तर आईने, अंगावर गोधडी घेऊनच, त्यांना बिटाचं सूप वाढलं. बराच वेळ बोलत बसली होती दोघं. काका वाईट नाहीत. पण तलाव म्हणजे तलाव!

१६ नोव्हेंबर, शनिवार

चौथी बैठक. संपल्यावर तेओफिलकाका म्हणाले, "चला, दाखवा तुमचं ते पाणी."

नेलं! उसनी चड्डी, डोक्यावर जांभळी टोपी. छातीभर पाण्यात खांब धरून उभे, मला म्हणतात, "पाणमांजरी, मी बुडालो तर दफनभूमीचं एक मत कमी होईल. लबाडी करू नका हं!" मग पाठीखाली हात धरला, हळूच काढून घेतला. तरंगले! डोळे मिटून.

"कसं वाटलं?"

"जन्म रुळांवर गेला माझा. आज पहिल्यांदा कुठेच जायचं नव्हतं."

"मग मत?"

"छे! मत तिकडेच. फक्त आता देताना वाईट वाटेल."

३० नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो!! सव्वीस विरुद्ध चौदा! कोर्नेलने बाळाला उचलून नाचवलं, साबिनाबाई घंटी वाजवत सुटल्या. झाडं, बस, शाळा – सगळं आराखड्यात आलं, आणि वीटभट्टीमागे तलाव. पाच वर्षांत उघडेल म्हणतात.

तेओफिलकाकांनी हात हातात घेतला. "अभिनंदन. आता पाच वर्षं जगणं आलं. तुम्ही माझं काम वाढवलंत."

येताना क्रीमचे केक आणले. आईने दोन खाल्ले.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला की. जिंकलीस ना तू." आणि बशा उचलायला लागली.

८ डिसेंबर, रविवार

ओल्शाला जाऊन आलो. राहिलेली कबरभेट. आईच हट्ट धरून बसली होती.

थोडा बर्फ पडलेला. दुकान बंद. चर्च आता महिन्यातून एकदा उघडतं. बाबांच्या कबरीवर अधूनमधून दिवा लावणारी शेजारीण मुलाकडे जर्मनीला गेली. आईने पाला काढला, मेणबत्ती लावली, बाबांना सगळ्या बातम्या सांगितल्या – तलावाचीसुद्धा. एरवी नंतर ती घरोघर जाते, कुठे चहा, कुठे लोणच्याची बरणी. आज फाटकापाशी उभी राहिली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणाचंही दार वाजवण्यासारखं उरलं नव्हतं.

परतीला वाटेत सँडविच खाल्ली. मला वाटलं रडेल. तर बडबड सुरू! तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीला जुळं होणार. बेकरीवाली हिच्यासाठी खसखशीचा रोल मागे ठेवते. गुरुवारी तेओफिलकाका पत्ते खेळायला येणार, आणि ते लबाडी करतात. मी गाडी चालवत ऐकत होते. नऊ वर्षांत मला ज्यांची नावं माहीत नाहीत ती सगळी माणसं हिची झालीत. कधी झाली?

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी चहा ओतताना आई म्हणाली, "याग्ना, मी गेले की मला तिकडे नेऊ नकोस गं. इथेच ठेव. जमलं तर बाबांनाही आण."

"इथे? आई, इथे कुठे?"

तिने साखर पुढे केली.

तेओफिलकाकांना फोन लावला. म्हटलं – काका, तयार व्हा. जागा शोधायला निघायचंय.