नाक्यावरची वहीवाली बाई

प्रिय नाएल,

नऊ वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही, तेव्हा माझं अक्षर पाहून आधी छातीत धस्स होईल. घाबरू नकोस, बाबा ठीक आहेत. गुडघे धरलेत, पण सकाळी रोटीबरोबर झातरची पूड आणि तेल पुढ्यात यायला उशीर झाला की माझ्यावर ओरडण्याइतके ठणठणीत आहेत.

मी आता नाबलुसच्या शाळेत शिकवते, म्हणजे रोज दोनदा गावाखालचा तो सैनिकांचा नाका ओलांडायचा. तिथे एक ज्यू म्हातारी येते, द्रोरा नावाची. तेल अवीवहून येते, कुंपणाशी उभी राहते आणि कोणाला किती वाजता अडवलं, कधी सोडलं, ते वहीत लिहिते. बायका म्हणतात, चांगली आहे बिचारी. मला नाही पटलं. लिहिणारा माणूस कुणासाठी तरी लिहितो. ती शेजारच्या अबू सक्रशी बोलताना दिसली आणि त्याच आठवड्यात त्याचा कामाचा परवाना रद्द झाला. मी शाळेतल्या मुलींना बजावून ठेवलं, तिला नाव सांगायचं नाही, तिने दिलेली गोळीही खायची नाही.

एकदा न राहवून विचारलंच, "किती वर्षं लिहितेयस?"

"बारा."

"आणि काय उपटलंस?"

मोडक्या अरबीत म्हणाली, "काही नाही. अधिकाऱ्यांना फोन करते, उचलत नाहीत. उचलला तर 'बघतो' म्हणतात."

इतकं सरळ उत्तर ऐकून माझा संशय वाढलाच. तिला पकडायचं म्हणून म्हटलं, "मग नऊ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातला दुसरा मंगळवार दाखव."

"काय झालं होतं त्या दिवशी?"

"ते तू सांग."

तो दिवस तुला सांगायला नको. आईचा श्वास अडकत होता आणि दार वाजलं की ती तुझं नाव घेत होती. चुलतभाऊ राजी साडेबाराला नाबलुसहून आला, म्हणाला, रस्ता मोकळा आहे, पाच मिनिटांत सुटलो. सकाळीच नाबलुसहून निघालेला तू साडेतीनला आलास. आई गेली होती. तू कंबरेखाली ओलाचिंब. "नाक्यावर अडवलं," एवढंच बोललास, तेही मान खाली घालून. बाबा म्हणाले, "राजी काय उडून आला? आई मरत होती आणि हा झऱ्यावर डुंबत होता! तोंड दाखवू नकोस." महिन्याभरात तू कुवेत गाठलंस.

तीन आठवड्यांनी म्हातारी जुनी वही घेऊन आली. हिब्रू मला कुठली वाचता येणार, आणि तिच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. मी पानाचा फोटो काढला आणि अबू सक्रकडे नेला. इस्रायलमध्ये बांधकामावर तो हिब्रू शिकलाय, आणि तिची बाजू घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं. त्याने एकेक ओळ वाचली.

"सव्वादहा. विशीतला मुलगा, डाव्या भुवईवर ताजे टाके. आई मरतेय म्हणून ओरडला, तर पत्र्यामागे बसवला. हात बांधले, डोळ्यांवर पट्टी. बाराला रांग मोकळी केली, त्याला नाही. चार फोन केले. तीनला सोडला. पँट खराब झाली होती. मी प्यायला पाण्याची बाटली दिली, ती त्याने पँटवर ओतून घेतली."

अबू सक्रने मोबाइल उलटा ठेवला. म्हणाला, "तुझ्या नाएलला टाके पडले होते ना? आमच्याच भिंतीवरून पडला होता."

नाएल, झऱ्याचं बाबांना सुचलं नव्हतं. मी सांगितलं होतं. तुझे कपडे मी पाहिले, राजीला खोदून खोदून विचारलं आणि बाबांच्या कानात घातलं. तू ऐकत होतास, तरी खरं काय ते बोलला नाहीस. काल मी बाबांना सगळं वाचून दाखवलं, माझा वाटाही सांगितला. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग भिंतीकडे तोंड करून झोपले. आज सकाळी कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवले. तू अम्मानला ये, ईदच्या दुसऱ्या दिवशी, मावशीकडे. आम्ही जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडून येतो. किती वाजता पोचू ते आमच्या हातात नाही. उशीर झाला तर आम्ही निघालो आहोत, एवढं धरून चाल आणि थांब.

तुझीच, तेव्हा तुझ्यावर विश्वास न ठेवणारी बहीण,
इन्साफ