सिग्ने मावशीच्या जागेवरचा लाल ठिपका

प्रिय सिग्ने मावशी,

तुला, तुझ्या नव्या खुब्याला आणि खिडकीतल्या तिन्ही जिरेनियमना माझा नमस्कार. खुबा जिना चढू देतो का, जेवणात अजून मीठ कमीच असतं का, आणि शेजारच्या खोलीतल्या बाई पहाटे रेडिओ लावतात त्यावर तू त्यांना काय ऐकवलंस (ऐकवलं असशीलच), हे सविस्तर कळव. इकडे सगळे बरे आहेत. मीही बरी आहे, म्हणजे गेल्या रविवारपासून मला पुन्हा झोप लागू लागली आहे, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. सोबतच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूठभर ताजी पिवळी अळंबी आहे. तिला एवढ्यात हात लावू नकोस. लोण्याचा डबा तर फ्रीजमधून काढूच नकोस. आधी पत्र शेवटपर्यंत वाच.

तू गोथेनबर्गच्या वृद्धनिवासात गेलीस आणि अळंबी मंडळाची चिटणीस मी झाले. गेल्या जानेवारीत बर्फाने रस्ता तीन आठवडे बंद होता, त्यामुळे गुरुवारच्या बैठकाही बंद. एक दिवस सहज हाल्वारला फोन केला, तर आधी त्याचा आवाजच फुटेना. मग म्हणाला, काही नाही गं, घसा नऊ दिवस वापरात नव्हता. (एक्याऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर फेरीबोट चालवलेला. दिवसाला दोनशे माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारायची सवय.) फोन ठेवल्यावर मला स्वयंपाकघरात नुसतंच उभं राहावंसं वाटलं. तुझीही आठवण आली. रविवारचा फोन मी कधीकधी विसरते, तेव्हा तुझा घसा काय करत असेल, असं वाटून गेलं. तर त्यातून मंडळाचा फोरम निघाला. आस्ताच्या जावयाने तो बांधून दिला. रोज सकाळी प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या, कुणाला काय सापडलं त्याचा फोटो लावायचा, एवढंच. माझ्याच हौसेपोटी त्याने एक नकाशाही जोडला.

मंडळात तरुण चौघं आहेत (तरुण म्हणजे मी धरून), ती पहिल्याच दिवशी फोरमवर आली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ती अकरा म्हातारी माणसं पाच महिने आली नाहीत. मी मोठ्या अक्षरांत माहितीपत्रक छापलं. त्यावर आस्ताने मोजे विणण्यासाठी पायाचं माप काढलं. दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात दालचिनीचे बन ठेवून शिकवणी घेतली. बन संपत, शिकवणी उरे. हाल्वारने पासवर्ड ठरवला आणि तो सगळ्यांना मोठ्याने सांगितला, तेव्हा बाकी दहा जणांनी तोच घेतला, कारण तो चांगला होता. फोल्केची समजूत अशी, की फोरम वाचनालयासारखा पाचला बंद होतो, म्हणून तो साडेचारनंतर प्रयत्नच करत नसे. आस्ता (चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली) आपला मजकूर कागदावर सुरेख अक्षरात लिहून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, हे तिकडे लाव, आणि परिच्छेद सोडायला विसरू नकोस. हाल्वारचं म्हणणं आणखी सरळ होतं.

"मला काही विचारायचं असलं तर मी आस्ताला विचारतो. आस्ता मेली की बघू तुझ्या फोरमचं."

"माझ्याआधी तूच जाशील," आस्ता बन मोडत म्हणाली. "कॉफीत चार खडे साखर घालतोस."

आता मावशी, जरा बस. बसलीच असशील, तरी नीट टेकून बस.

जुलैतल्या दुसऱ्या गुरुवारी मी ठरवलं, की बोलणं पुरे, करून दाखवायचं. प्रोजेक्टर लावला, फोरम भिंतीवर आणला, आणि नमुना म्हणून माझ्या फोनमधला सगळ्यांत देखणा फोटो निवडला: ओल्या शेवाळावर उगवलेली पिवळी अळंबी, जणू कुणी अंड्याचा बलक सांडला आहे. बटण दाबलं. फोटो वर गेला, आणि त्याच्या शेजारी आमच्या नकाशाने आपलं काम चोख केलं. फोटो कुठे काढला ते फोनला ठाऊक होतं. जुन्या लाकूड-गिरणीच्या मागे, दुभंगलेल्या खडकाजवळच्या बर्चच्या झाडांखाली, एक लाल ठिपका उगवला. भिंतीवर तो बशीएवढा दिसत होता.

तीन वर्षांपूर्वी, सामान बांधून झाल्यावर, तू मला गमबूट घालायला लावून तिथे घेऊन गेली होतीस. ही जागा चाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही, आता तुझी, असं म्हणाली होतीस. त्याआधी गिरणीपाशी थांबून मला फोन बंद करायला लावलास. तो बघत असतो, म्हणालीस. मी हसले होते, मावशी, आणि पुढच्या उन्हाळ्यात एकटी गेले तेव्हा फोन चालूच ठेवला. संगणकाचं शिक्षण मी घेतलेलं, आणि समज तुझी निघाली.

पुसता येईना. लावलेला फोटो फक्त आस्ताचा जावई हटवू शकत होता, आणि तो शिडाच्या होडीतून दोन आठवडे बेटांमध्ये हिंडत होता, फोन बंद करून. (जुलैत सगळा देश सुट्टीवर असतो. तेव्हा कुणाला काही विचारायला जाणं माझंच चुकलं.) फोरम उघडा होता, कुणीही पाहावा. तळ्याकाठी कॅराव्हॅनवाल्या पर्यटकांचा तळ भरलेला, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्या टोपल्या आपल्यापेक्षा मोठ्या असतात हे तुला माहीतच आहे. एकदा ती शेवाळाची गादी दहा जणांनी तुडवली, म्हणजे संपलंच. मी प्रोजेक्टरजवळ उभी होते आणि माझे कान तापले होते.

हाल्वारने कप खाली ठेवला. "ही सिग्नेची जागा," तो म्हणाला.

मी विचारलं, तुला कशी माहीत? तर अकराही जण माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चर्च कुठे आहे ते विचारलं.

"अगं, ती सायकल इतकी जपून लपवायची," आस्ता म्हणाली, "की गावात दुसरीकडे बघायला काही उरायचंच नाही."

मावशी, त्यांना तीस-पस्तीस वर्षं माहीत होतं. आई आजारी पडली आणि तू दोन्ही घरं सांभाळत होतीस, त्या उन्हाळ्यापासून. तिकडे कुणी जायचं नाही असं कधी ठरलं नाही, कुणी बोललंही नाही. नुसतं कुणी गेलं नाही. फोल्के तर म्हणाला, की गिरणीपाशी आलं की त्याची बायको त्याला बाहीला धरून पलीकडे न्यायची. हे ऐकताना मी तोंड वळवून प्रोजेक्टरची वायर नीट करत होते. वायर नीटच होती.

मग हाल्वारने चष्मा पुसला. "एका ठिपक्याकडे सगळे बघतात," तो म्हणाला. "पन्नास असले तर? ते कसे लावायचे, ते दाखव."

पाच महिने जे मला जमलं नाही ते त्या दुपारी दीड तासात झालं. टोस्टवर घालायला मी टोपलीभर अळंबी आणली होती. ती मूठमूठ वाटून घेऊन अकरा जण गावभर पांगले. आस्ताने आपली अळंबी पेट्रोल पंपाच्या हवेच्या नळीशी मांडली. फोल्केने चर्चच्या वाहनतळावर फोटो काढला आणि मग पलीकडे बायकोच्या थडग्यापाशीही एक (ती हसली असती, म्हणाला). हाल्वार कचरा डेपोत गेला, बोटीच्या धक्क्यावर गेला, आणि जंगलातही कुठेकुठे जाऊन आला. अळंबी सुकली तेव्हा त्यांनी गाजराचे तुकडे वापरले. चार दिवसांत त्रेचाळीस ठिपके झाले. शनिवारी एक कुटुंब टोपल्या घेऊन पेट्रोल पंपाभोवती वाकून फिरताना मी स्वतः पाहिलं. आस्ताने त्यांना हळहळून सांगितलं, उशीर केलात, पहाटेच कुणीतरी नेली.

रविवारी मी तुझ्या जागेवर गेले. (फोन घरी, पावाच्या डब्यात.) शेवाळावर एका हरणाखेरीज कुणाचं पाऊल नव्हतं. मी तिथे बराच वेळ बसले. एवढी वर्षं ही जागा तुझ्या गुप्ततेने राखली असं तुला वाटायचं, आणि मलाही. ती राखली दुसऱ्यांनी, आणि आपल्याला कळूही दिलं नाही. आभार मानायला गेले तर हाल्वार म्हणाला, कसले आभार, आम्ही काय केलं, आम्ही तर गेलोच नाही.

जावई काल परतला आणि त्याने फोरमवर लिहिलं, की हवं तर सगळे ठिपके पुसतो. हाल्वारने स्वतः टाइप करून उत्तर दिलं: हात लावू नकोस. आता तो रोज सकाळी आपल्या लापशीचा फोटो लावतो, ठिपक्यासकट, आणि आस्ता खाली साखरेबद्दल लिहिते. जानेवारीची मला आता पूर्वीइतकी धास्ती वाटत नाही. माझ्या हातून तुझी जागा उघडी पडली, त्याची क्षमा मागते. रागावलीस तर रविवारी फोनवर रागव. मी विसरणार नाही.

तुझी,
इल्वा

ता. क. खोक्यातली अळंबी तुझ्याच जागेवरची आहे, पण ती खाण्यासाठी नाही. घरासमोरच्या ट्राम थांब्यावरच्या बाकाखाली मांड, तुमच्या दिवाणखान्यातला टॅबलेट मागून घे आणि फोटो काढ. पासवर्ड खोक्याच्या झाकणावर लिहिला आहे, सगळ्यांचा आहे तोच. फोरम पाचला बंद होत नाही. गुरुवारच्या कॉफीच्या यादीत तुझं नाव अजून आहे, ते कुणी खोडलेलं नाही. नकाशावर मात्र तू नाहीस. अकरा जण गोथेनबर्गच्या ठिपक्याची वाट बघत आहेत.

ता. क. २ हाल्वार म्हणतो, त्याच्या ठिपक्यांतला एक खरा आहे, त्याची स्वतःची जागा. खोट्यात एक खरं असलं की खोटं टिकतं, म्हणे. गुडघ्यांमुळे त्याला आता तिथे वाकता येत नाही, म्हणून ती जागा मला देतो आहे. पण कोणता ठिपका, ते सांगत नाही. सिग्नेला विचार, म्हणतो, तिला पहिल्यापासून माहीत आहे आणि तीही कधी गेली नाही. मावशी, हे खरं का? जागा पत्रात लिहू नकोस. नुसतं हो म्हण.

ता. क. ३ एवढं वाचेपर्यंत खाऊन टाकली असशील, तर गाजर चालेल.