तीनदा लागलेला लाल बल्ब

माय, माझ्या नातीनं खाटेजवळ एक दिवा बसवला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पण लाल, हिरवा, निळा सगळे रंग त्याच्याच पोटात. मले आता तुझ्यासारखंच कमी ऐकू येते. बैठकीत सगळे हसतात, काय झालं विचारलं तर म्हणतात, "काही नाही, आजी." हे 'काही नाही' तू किती वर्षं गिळलं, ते मले आता समजलं. म्हणून पोरीनं दिवा केला. ती तिकडं कॉम्प्युटरवर एक अक्षर दाबते, ते तारेतून दिव्याखालच्या सर्किटच्या पट्टीत येते, पट्टी ते ओळखते अन् रंग लावते. हिरवा म्हणजे जेवाले ये. लाल म्हणजे कोणी आलं. निळा म्हणजे हसण्यासारखं काही झालं, लवकर ये. पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळी भलताच जांभळा लागला. पोरगी म्हणते, "आजी, तार एकच आहे. अक्षर तुकड्या-तुकड्यानं, एकामागं एक जाते. दोन्हीकडचा वेग जुळला नाही, तर पट्टी भलतंच वाचते." मी म्हटलं, "मले नको शिकवू. तुझ्या बापाच्या जन्माआधी हे सगळं करून बसली आहो मी."

सत्तर सालानंतरची गोष्ट. घरात नवी नवी लाइट आली होती अन् कापसाच्या जिनिंगातल्या मशीनच्या आवाजानं तुझे कान नेले होते. मंगरूळच्या उरसातून मी लाल बल्ब आणला, तुझ्या चुलीसमोर लावला, बटन बैठकीत. एकदा लागला की पाहुणा आला, दोनदा की ताट वाढ, तीनदा की इथं मजा चालू आहे. मी घाईघाईनं दोनदा बटन दाबायची, तुले ते एकदाच लागलेलं दिसायचं अन् तू पाहुण्याचा चहा ठेवायची. मग तिथूनच ओरडायची, "सावकाश दाब व! बहिरी आहो मी, आंधळी नाई!"

तो दिवस तर अजून डोळ्यापुढं आहे. आत्या सांगून राह्यली की तिचा नवरा, आपले मामाजी, वाशीमले भलत्याच बसमध्ये चढले, झोपले, मंगरूळले उतरले अन् कंडक्टरशी भांडले, "माहं गाव कुठं नेलं?" सगळे लोळून हसतात. मी तीनदा दाबते, सावकाश. तू पिठाच्या हातानं दारात.

"काय झालं?"

"काही नाही व वैनी," आत्या म्हणते.

तू तिच्यासमोर फतकल मारून बसतेस. "काही नाही कसं? बल्ब तीनदा लागला. सांगा आता!"

आत्याले पहिल्यापासून सांगावं लागलं, हातवारे करून, तेही ओरडून. तू इतकी हसली की डोळे पुसता पुसता तोंडभर पीठ झालं. त्यानंतर तुले 'काही नाही' म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

एक गोष्ट फक्त तुले सांगते. जेवणाची हाक मले अजून पहिल्याच खेपेले ऐकू येते. तरी हिरवा लागेपर्यंत मी जागची हलत नाही. तुझंही तसंच होतं काय व?

राहू दे, चिठ्ठी इथंच राहू दे. निळा लागला.